काळी-पिवळीतली सरहद्द : जालना ते देऊळगाव राजा

(एपिसोडचा लिखित मजकूर. प्रवासात असाल तर ऐका, रेंज नसेल तर वाचा.)

आजची गोष्ट एका व्हॉट्सअ‍ॅप फोटोपासून सुरू होते.

माझा इंजिनिअरिंगचा एक मित्र सिंगापूरला असतो. त्याचे आई-बाबा जालन्याहून तिकडे फिरायला गेले होते. तिथल्या हॉटेलांचे दर बघून काकांना घामच फुटला. मग मित्राने सरळ टॅक्सी केली आणि दोघांना पलीकडे, मलेशियातल्या जोहोर बाहरू शहरात नेऊन ठेवलं. मधे समुद्रावरून जाणारा जेमतेम किलोमीटरभराचा रस्ता आहे, १९२४ साली पूर्ण झालेला. इकडे पासपोर्टवर तपासणी, तिकडे तपासणी, आणि पलीकडे खोली बऱ्याच कमी पैशात. काकांनी ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "टॅक्सीने दुसऱ्या देशात!"

मी तो फोटो आजीला दाखवला. आजी आता ८६ वर्षांची आहे. तिने चष्मा वर केला, फोटो बघितला आणि म्हणाली, "यात काय एवढं? आम्ही बैलगाडीनं गेलो होतो."

"कुठे?"

"देऊळगावला."

मी हसलो. देऊळगाव राजा! आपल्या जालन्यापासून साधारण ३० किलोमीटर. तिथे काळी-पिवळी जाते, एसटी जाते, दसऱ्याला बालाजीच्या यात्रेला अर्धं जालना जातं. हा दुसरा देश कधीपासून झाला?

पण आजी चुकीचं बोलत नव्हती. १९४८ साली देऊळगाव राजा खरोखरच सरहद्दीपलीकडे होतं. आज त्याच सरहद्दीची गोष्ट करू.

आधी आजचा रस्ता

माझं घर नवीन जालन्यात. कुंडलिका नदीच्या एका बाजूला जुना जालना, दुसऱ्या बाजूला नवीन. नावात 'नवीन' असलं तरी वस्ती काही आजची नाही. आजीच्या पिढीतले लोक अजून तिला कादराबादच म्हणतात.

माझा एक चुलत भाऊ, आमचा दादा, जालन्याच्या एमआयडीसीत स्टीलच्या कारखान्यात कामाला आहे. राहतो मात्र देऊळगाव राजाला. कारण काय, तर भाडं. जालन्यात तसल्या दोन खोल्यांना त्याला ८,००० सांगितले होते, तिथे ४,५०० मध्ये मिळाल्या. रोज काळी-पिवळीने ये-जा करतो.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. लगेच फोनवर हिशोब मांडला. महिन्याला भाड्यात वाचले ३,५००. टॅक्सीचे जाताना ५०, येताना ५०, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २,६०० गेले. हातात राहिले ९००. म्हटलं, "दादा, ९०० रुपयांसाठी रोज दोन तास त्या जीपमध्ये चेंगरून बसतोस?"

दादा म्हणाला, "तुझ्या हिशोबात वहिनीचं माहेर कुठंय? पोराला सांभाळायला सासूबाई आहेत, ते कुठं धरलंस?"

बरोबर होतं त्याचं. सरहद्द ओलांडून राहायला जाण्याचा हिशोब नुसत्या भाड्याचा कधीच नसतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

मी त्याच्यासोबत एकदा मुद्दाम काळी-पिवळीने गेलो. सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही, हे आलंच. वाटेत वाघ्रुळ लागतं. पूर्ण नाव वाघ्रुळ जहागीर. नावातली ही 'जहागीर' निजामाच्या काळातली खूण आहे. पुढे कधीतरी जालना जिल्हा संपतो आणि बुलढाणा जिल्हा सुरू होतो, मराठवाडा संपून विदर्भ सुरू होतो. कोणी मान वर करून बघत नाही. माझ्या शेजारचे काका तर झोपले होते. घोरतच त्यांनी सरहद्द ओलांडली.

उधारीतून निघालेली रेषा

आता प्रश्न असा, की ही रेषा इथे आलीच कशी? मधे मोठा डोंगर नाही, समुद्र नाही. दोन्हीकडे मराठी बोलणारी माणसं, तीच काळी माती, तीच ज्वारी. सिंदखेड राजा म्हणजे जिजाऊंचं माहेर, तेही तिकडेच, पलीकडच्या बाजूला. लखुजी जाधवांच्या काळात इथे अशी काही रेषा नव्हती.

थोडं मागे जाऊ. २३ सप्टेंबर १८०३. आपल्याच जिल्ह्यातल्या असईला मोठी लढाई झाली. एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जगभर गाजला. शिंदे-भोसले हरले. त्याच वर्षी डिसेंबरात भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड सोडावा लागला. तो मिळाला इंग्रजांचा दोस्त असलेल्या हैदराबादच्या निजामाला. म्हणजे त्या वेळी जालना आणि देऊळगाव राजा दोन्ही निजामाचेच. रेषा अजून नाही.

रेषा आली उधारीतून.

इंग्रजांनी निजामाच्या राज्यात एक फौज उभी केली होती. तिचं नाव हैदराबाद कंटिंजंट. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगार मात्र निजामाने द्यायचा. जालन्याची छावणी १८२७ च्या सुमाराची. निजामाच्या तिजोरीत खडखडाट, पगार थकायला लागले. मग इंग्रज आपल्या खिशातून पगार भागवायचे आणि ते निजामाच्या नावावर कर्ज म्हणून लिहून ठेवायचे. वर व्याज. आजच्या भाषेत सांगायचं तर गाडी दुसरा चालवतो, ईएमआय तुमच्या नावावर.

अखेर १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात वसुली निघाली. त्या वर्षीच्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. तिथल्या महसुलातून फौजेचा खर्च भागवायचा. जालना निजामाकडे राहिलं, देऊळगाव राजा इंग्रजी अमलाखाली गेलं. पगाराच्या थकबाकीमुळे रस्त्यावर सरहद्द उगवली!

गंमत म्हणजे कागदावर वऱ्हाड निजामाचाच राहिला. १८६० मध्ये ५० लाखांचं कर्ज इंग्रजांनी माफ केलं, धाराशिव आणि रायचूरचा भाग परत दिला, पण वऱ्हाड काही सोडला नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने तो वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि जालन्याची छावणीही उठली. म्हणजे ज्या फौजेच्या पगारापायी वऱ्हाड गेला, ती फौज जालन्यातून निघून गेली, पण सरहद्द जागेवर राहिली. १९३६ मध्ये इंग्रजांनी निजामाला 'हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम' असा किताब दिला आणि त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार'. नाव यांचं, राज्य त्यांचं.

हाली आणि कलदार

या सरहद्दीवर जगणं कसं होतं?

पहिली गोष्ट पैसा. हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा रुपया होता. त्याला म्हणायचे हाली शिक्का. इंग्रजी हद्दीतल्या रुपयाला म्हणायचे कलदार. दर साधारण ७ हालीला ६ कलदार. चोख हिशोब करायचा तर १०० कलदारला ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै. आपण परदेशी जाताना डॉलरचा भाव बघतो ना, तसं जालन्याच्या व्यापाऱ्याला चिखलीचा माल घेताना हे बघावं लागायचं. ३० किलोमीटरवर फॉरेक्स!

दुसरी गोष्ट करोडगिरी, म्हणजे निजामाचं जकात खातं. हद्दीवर करोडगिरीचे नाके असायचे. माल आत आणा किंवा बाहेर न्या, जकात भरा. पोस्टाची तिकिटं वेगळी, बसगाड्याही वेगळ्या. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांवर स्वतःची बससेवा सुरू केली होती. आपल्या एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर धावली ती १ जून १९४८ ला, म्हणजे त्यानंतर १६ वर्षांनी. आणि तेव्हा आमच्या जालन्याचा त्या एसटीशी काही संबंध नव्हता, आम्ही पलीकडचे!

आणि तिसरी गोष्ट भाषा. जालन्यात घरी मराठी, पण कोर्टकचेरीत उर्दू. देऊळगावला मात्र कारभाराला इंग्रजी आणि मराठी. अण्णांना, म्हणजे आजीच्या वडिलांना, उर्दू लिहिता-वाचता येत होतं. कादराबादेत त्यांचं किराणा दुकान होतं. आजी सांगते, "अण्णांच्या वहीत एका बाजूला मोडी, एका बाजूला उर्दू."

तरीही तोपर्यंत ही सरहद्द चालण्याजोगी होती. लोक यात्रेला जायचे, सोयरिकी करायचे. अण्णांची मेहुणी देऊळगावलाच दिली होती. सरहद्द म्हणजे कटकट होती, भीती नव्हती. भीती आली १९४७ मध्ये.

एका बाजूला झेंडा, दुसऱ्या बाजूला तुरुंग

१५ ऑगस्ट १९४७. देऊळगाव राजाच्या बाजूला तिरंगा फडकला. जालन्याच्या बाजूला तोच तिरंगा हातात घेतला तर अटक. निजाम मीर उस्मान अली खानने भारतात सामील व्हायला नकार दिला होता. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी पकडलं.

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. पण लगेचच संस्थान सरकारने दोन हुकूम काढले. एक, सोनं-चांदी संस्थानाबाहेर न्यायला बंधन. दोन, भारताचा रुपया संस्थानात चालणार नाही. आता जरा अण्णांच्या जागी उभे राहून बघा. पळून जायची वेळ आली, तर सोबत न्यायचं काय? सोनं न्यायला बंदी. कलदार जवळ नाहीत. हाली आहेत, पण पलीकडे गेल्यावर ते ७ ला ६ सुद्धा कोण घेणार?

इकडे कासिम रझवीच्या रझाकारांचा जोर वाढत होता. गावोगाव लूट, जाळपोळ, मारहाण. दुसऱ्या बाजूने स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीला लागून भारताच्या हद्दीत कॅम्प उघडले होते. बार्शीकडे, मनमाडला, वऱ्हाडात उमरखेडला. तिथून रात्री हद्दीत शिरायचं, करोडगिरीचे नाके जाळायचे, परत यायचं. ३० जानेवारी १९४८ ला नांदेडकडच्या उमरीची बँक लुटली ती याच लढ्यासाठी. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. आपल्या जालन्यातही लोक या लढ्यात होते. हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर यांचं नाव दर १७ सप्टेंबरला आपण ऐकतोच.

पण आजची गोष्ट बंदूकवाल्यांची नाही. ज्यांनी बंदूकही उचलली नाही आणि घरीही राहू शकले नाहीत, त्यांची आहे.

आजी तेव्हा ९ वर्षांची. ती सांगते :

"अण्णा म्हणाले, मावशीकडं चाललोय, बालाजीला. यात्रा नव्हती काही, तरी आम्ही खूश. पहाटे गाडी जुंपली. धाकटा तान्हा होता. आईनं त्याला दुपट्यात घट्ट गुंडाळलं होतं. तो रडला की आई त्याला पाठीवर घ्यायची नाही, छातीशीच धरायची. मला नंतर कळलं, दुपट्यात पाटल्या होत्या."

'जालना सोने का पालना' असं आपण कौतुकाने म्हणतो. आमच्या घरात ते एक दिवसापुरतं शब्दशः खरं झालं होतं.

नाक्यावर काय झालं, हे मी आजीला तीन वेळा विचारलं. ती म्हणते, "काय झालं ते अण्णांना ठाऊक. मला एवढंच आठवतं, अण्णा खाली उतरले, उर्दूत काहीतरी बोलले, परत येऊन बसले. मग लई वेळ कोणी बोललंच नाही."

देऊळगावला मावशीच्या घरी त्यांच्याआधीच दोन कुटुंबं येऊन राहिली होती. आठ-पंधरा दिवसांनी अण्णांनी चिखलीला एक खोली भाड्याने घेतली. भाडं कलदारमध्ये. अण्णांनी कमरेला बांधून ३५० हाली आणले होते. सरकारी दराने त्याचे ३०० कलदार व्हायला हवे होते. पण जो तो हाली मोडायला येत होता, त्यामुळे घेणाऱ्याने भाव पाडला. किती पाडला ते आजीला आठवत नाही. ती म्हणते, "अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत, एवढं आठवतं." पुढे पाटल्या गेल्या त्या याच खोलीच्या भाड्यात. स्वतःचं दुकान असलेला माणूस दुसऱ्याच्या दुकानात वह्या लिहायला लागला.

दादाचं वाक्य आठवतंय ना? सरहद्द ओलांडण्याचा हिशोब नुसत्या भाड्याचा नसतो. अण्णांनीही हिशोब मांडलाच असेल. एका बाजूला दुकान, घर, वहीतली उधारी. दुसऱ्या बाजूला बायको आणि तीन लेकरं. पैशात बघितलं तर चिखली महागच पडली. तरी ते गेले.

समोरून येणाऱ्या गाड्या

आता ज्या गोष्टीसाठी मी हा एपिसोड करायला घेतला, ती गोष्ट.

ही कहाणी आमच्या घरात अनेकदा सांगितली गेली आहे. आम्ही गेलो, हाल सोसले, परत आलो, जय मराठवाडा. पण या वेळी मी रेकॉर्डिंग करत होतो, म्हणून आजीला मधेच थांबवून बारीकसारीक विचारत होतो. रस्त्यात कोण भेटलं, असं विचारलं. आजी म्हणाली :

"समोरून पण गाड्या यायच्या ना."

"कुणाच्या?"

"मुसलमानांच्या. वऱ्हाडातून इकडं येत होते. आमच्यासारख्याच गाड्या. लेकरं, गाडगी-मडकी, कोंबड्या. आमची गाडी बाजूला घेतली, त्यांची गेली."

मी दोन मिनिटं गप्पच झालो. हे मी शाळेत कधीच वाचलं नव्हतं. नंतर शोधत बसलो तेव्हा कळलं, की आजीला दिसलं ते खरंच होतं. फाळणीनंतरच्या त्या महिन्यांत मध्य प्रांत-वऱ्हाड आणि मुंबई इलाख्यातून मुसलमान कुटुंबं मोठ्या संख्येने हैदराबाद संस्थानात आली होती. निजामाच्या राज्यात आपण सुरक्षित राहू, असं त्यांना वाटत होतं. म्हणजे एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, दोन्ही बाजूंची माणसं पलीकडची बाजू बरी समजून चालली होती. एकाला देऊळगाव सुरक्षित, दुसऱ्याला जालना. मधे एक रेषा, १८५३ च्या थकबाकीतून आलेली.

सप्टेंबर १९४८

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. आपण याला पोलीस अ‍ॅक्शन म्हणतो, लष्कराने नाव दिलं होतं ऑपरेशन पोलो. १४ तारखेला औरंगाबाद शरण आलं. जालन्याकडे मात्र प्रतिकार झाला. तिथे ३ सिख, २ जोधपूर इन्फंट्रीची एक कंपनी आणि १८ कॅव्हलरीचे काही रणगाडे लढले. १५ तारखेला ३/११ गुरखा पलटणीची एक कंपनी जालना ताब्यात ठेवायला मागे ठेवून बाकी फौज लातूरकडे निघाली. १७ तारखेच्या संध्याकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली. पाच दिवसांत सगळं संपलं.

दिवाळीच्या आधी अण्णा सगळ्यांना घेऊन कादराबादेत परत आले. दुकानाचं कुलूप तुटलेलं, माल नाही, पण भिंती शाबूत. आजी म्हणते, "आईनं आधी चूल सारवली."

इथे गोष्ट नेहमी संपते. मी पुढे विचारलं, "शेजारी कोण होतं तेव्हा?"

"एका अंगाला कासार. दुसऱ्या अंगाला शिंपी होते, मुसलमान. त्यांची पोरगी माझ्याच वयाची. आम्ही गजगे खेळायचो."

"मग परत आल्यावर भेटली?"

"नाही. घर बंद होतं."

"कुठे गेले ते?"

"गेले."

"आजी, कुणी शोधलं नाही?"

आजी बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "आम्हाला आमचंच एवढं होतं रे बाबा. विचारलंच नाही कुणी."

मंडळी, या "गेले" शब्दात काय काय असू शकतं, हे सांगायलाच हवं. पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या आठवड्यांत संस्थानात अनेक ठिकाणी मुसलमानांवर सूड उगवला गेला. ज्यांचा रझाकारांशी काहीही संबंध नव्हता, असे लोकही मारले गेले. पंतप्रधान नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली चौकशीसाठी समिती पाठवली. समितीने गावोगाव फिरून अहवाल दिला. सावधपणे धरलं तरी २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वांत वाईट स्थिती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेडची, त्याखालोखालच्या जिल्ह्यांत औरंगाबाद होतं, ज्यात तेव्हा आपलं जालना मोडायचं. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही होते, हेही समितीने नोंदवलं. हा अहवाल कित्येक दशकं सर्वसामान्यांसमोर आलाच नाही. आणि जी कुटुंबं वऱ्हाडातून इकडे आली होती, त्यांतल्या अनेकांना नंतर पुन्हा आपापल्या प्रांतात परत पाठवलं गेलं. म्हणजे त्या कोंबड्यांच्या गाड्यांपैकी काही त्याच रस्त्याने परत गेल्या असतील.

तो शिंपी मारला गेला, की हैदराबादला गेला, की आणखी कुठे, मला सांगता येणार नाही. आजीलाही नाही. आम्हाला न्याय मिळाला, आमची सरहद्द पुसली गेली, आम्ही घरी आलो. हे सगळं खरं आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे. रझाकारांचा जुलूम खोटा नव्हता, आईच्या पाटल्या खोट्या नव्हत्या. पण आमची सरहद्द पुसली जात असताना शेजारच्या घरासमोर नवी सरहद्द उभी राहिली होती, आणि ७७ वर्षांत आमच्या घरात तिच्याबद्दल कोणी एक वाक्य बोललं नव्हतं. एवढंच मला या एपिसोडमध्ये सांगायचं होतं.

रेषा पुसायला किती वर्षं लागतात?

फौजेला पाच दिवस लागले. बाकीच्या गोष्टींना बराच वेळ लागला.

१९५१ नंतर हाली रुपया नव्याने काढणं थांबलं, पण तो पूर्णपणे रद्द झाला १९५९ मध्ये. म्हणजे मुक्तीनंतर ११ वर्षं खिशात दोन-दोन रुपये. आजीचं लग्न झालं तेव्हाही देण्याघेण्याची बोलणी करताना म्हातारी माणसं विचारायची, "हाली का कलदार?" १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच दिवशी विदर्भही आला. १८५३ नंतर पहिल्यांदा, म्हणजे १०३ वर्षांनी, जालना आणि देऊळगाव राजा एका राज्यात आले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे १९८१ ला आपला जालना जिल्हा झाला. आता तर समृद्धी महामार्ग त्या जुन्या हद्दीवरून सुसाट जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. करोडगिरी नाही, टोल मात्र आहे!

पण रेषा पूर्ण गेली असंही नाही. हा मराठवाडा, तो विदर्भ. अनुशेष, पाणी, आरक्षण, कुणबी नोंदी, कुठलाही विषय काढा, आजही तीच हद्द मधे येते. कुणाच्या आजोबांचे जुने कागद हैदराबादच्या दप्तरात उर्दूत सापडतात, कुणाचे वऱ्हाडातल्या दप्तरात, यावर आज माणसांचे हक्क ठरतात. काळी-पिवळीत झोपलेले काका घोरत हद्द ओलांडून गेले खरे, पण त्यांच्या कागदपत्रांना ती तशी ओलांडता येत नाही.

शेवटी

परत येताना मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो. म्हटलं, "भाऊ, इथं पूर्वी निजामाची हद्द होती, ठाऊक आहे का?"

तो म्हणाला, "हद्द म्हणजे ते बोर्ड का? 'जालना जिल्ह्यात आपले स्वागत आहे' वालं?" आणि मागे वळून ओरडला, "ओ मावशी, जरा सरका, अजून एक सीट घ्यायची आहे!"

मला बरं वाटलं. ज्या रस्त्यावर अण्णा गप्प बसून गेले, तिथे आता भांडण फक्त सीटवरून होतं. असंच असावं.

तर मंडळी, एक काम करा. तुमच्या घरात ८० च्या पुढचं कोणी असेल, मराठवाड्यातलं, वऱ्हाडातलं, बेळगावकडचं, गोव्याच्या हद्दीवरचं, तर या रविवारी फोनचं रेकॉर्डिंग चालू करून त्यांच्याजवळ बसा. तुम्ही कुठून आलात, हे ते आपणहून सांगतील. तेवढ्यावर उठू नका. पुढचा प्रश्न विचारा : तेव्हा शेजारी कोण होतं, आणि ते कुठे गेले?

त्या शिंपी कुटुंबातल्या मुलीचं नाव आजीला आठवतं. मी ते इथे सांगत नाही, तिची परवानगी नाही. पण मी ते लिहून ठेवलं आहे. अण्णांची ती मोडी-उर्दू वही घरात अजून आहे, तिच्याच शेवटच्या कोऱ्या पानावर.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.